सड्यावर ओतलेल्या फेसाबद्दल : एका निवृत्त फायरमनचं खुलं पत्र

प्रति,
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ,
मा. जिल्हाधिकारी, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग,
आणि कोकणातल्या औद्योगिक वसाहती, बंदरं व तेलसाठे सांभाळणारे सर्व अग्निशमन अधिकारी

विषय : आग विझवायच्या फोम कंपाउंडचे जुने ड्रम आणि ड्रिलच्या जागा

सविनय नमस्कार.

मी १९९१ साली कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीच्या अग्निशमन केंद्रात फायरमन म्हणून लागलो आणि २०२१ साली लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या एका माणसाकडे बोट दाखवायचं नाही, आणि जे झालं त्यात माझाही हात होता.

आमच्या केंद्रामागे सडा होता. उघडा कातळ, पावसाळ्यात वर हिरवं मखमल येतं आणि दिवाळीनंतर काळा पडतो, तसा. दर शनिवारी तिथे ड्रिल. लोखंडी ट्रेमध्ये पाणी, त्यावर डिझेल, पेटता बोळा टाकायचा आणि ज्वाळा डोक्यावर गेल्या की ब्रँचपाइप, म्हणजे होजच्या टोकाची तोटी, घेऊन पुढे सरायचं. कंपाउंड ओढून पाण्यात मिसळणाऱ्या इंडक्टरची नळी फोमच्या ड्रममध्ये बुडवलेली असायची. शंभर लिटर पाण्यात तीन लिटर कंपाउंड, एवढं प्रमाण.

मी लागलो तेव्हा प्रोटीन फोम होता. जनावरांच्या खुरांच्या आणि शिंगांच्या चुऱ्यापासून करतात तो. त्याचा वास असा की आई माझा युनिफॉर्म पडवीतसुद्धा टांगू द्यायची नाही. मग एएफएफएफ नावाचा नवा फोम आला. फिकट पिवळा, काकवीपेक्षा पातळ, बोटांना बुळबुळीत. पेट्रोलवर टाकला की त्यातून सुटलेल्या पाण्याचा पापुद्रा तेलावर तरंगत पसरायचा आणि बघता बघता आग बसायची. घाटात उलटलेल्या टँकरच्या आगी आम्ही याच फोमने विझवल्या, आणि रस्त्यावर अडकलेल्या गाड्यांतली माणसं घरी गेली. त्या फोमला मी वाईट म्हणणार नाही. पण आगीपेक्षा कितीतरी जास्त फोम आम्ही ड्रिलमध्ये ओतला. मुदत संपलेला माल ड्रिलला वापरायचा, असा आदेशच होता. काही वाया घालवत नाही याचा आम्हाला अभिमान वाटायचा.

१४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ साली मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात ६६ जवान गेले, त्यांची ही आठवण. सकाळी मानवंदना, मग शाळेच्या मुलांसाठी प्रात्यक्षिक, आणि शेवटी फोमचा डोंगर. दरवर्षी मुलं त्यात शिरायची. एका वर्षी माझी मुलगीही होती, चौथीतली. केसांपासून सँडलपर्यंत पांढरी झाली होती आणि दोन्ही हातांनी फेस उडवत होती. मी शेजारी उभा राहून हसत होतो. ती घरी गेल्यावर आम्ही सगळा फेस होजने उताराला लावला. उताराच्या टोकाला वहाळ, वहाळाखाली वाडी, वाडीची विहीर आणि पुढे खाडी.

निवृत्तीनंतर पुतण्याने मला सांगितलं की त्या फेसात पीएफएएस नावाची रसायनं असतात. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्याने वहीवर साखळी काढून दाखवली : कार्बनचे अणू ओळीने आणि त्यांना चहूबाजूंनी चिकटलेले फ्लोरिनचे अणू. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध सेंद्रिय रसायनांतल्या सगळ्यात चिवट बंधांपैकी एक. ऊन, पाऊस, जिवाणू यांपैकी कोणीही तो सहजी तोडू शकत नाही. म्हणून तर हा फोम आगीत टिकायचा. आणि म्हणूनच १९९५ साली सड्यावर ओतलेला फोम आजही कुठेतरी आहे. पाण्याबरोबर सरकला असेल, पातळ झाला असेल, पण संपलेला नाही.

आपलं काही जगावेगळं झालं आहे असं नाही. हा फोम १९६० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने आणि ३एम कंपनीने मिळून तयार केला. १९६७ साली ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू जहाजाला आग लागून १३४ जण गेले, त्यानंतर तो जहाजांवर आणि विमानतळांवर झपाट्याने पसरला. २००० साली ३एमनेच त्यातल्या पीएफओएस या पीएफएएसचं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. २००९ साली पीएफओएस स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात न संपणाऱ्या विषारी रसायनांवरच्या जागतिक कराराच्या, यादीत आलं. त्याच कुळातलं पीएफओए २०१९ साली आणि पीएफएचएक्सएस २०२२ साली. आपल्या देशाने २००६ सालीच या कराराला मान्यता दिली होती. २०२० साली मंत्रिमंडळाने आणखी सात रसायनांवर मोहोर उमटवली, त्यात पीएफओएस नव्हतं. आम्ही सड्यावर फोम ओतत होतो तेव्हाच यातलं बरंचसं छापून आलेलं होतं. आमच्यापर्यंत कोणी आणलं नाही.

२०२३ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला खात्रीने कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पीएफओएस ‘शक्यता आहे’ या गटात आहे. शरीरात गेलेलं पीएफओएस निम्मं व्हायलाच तीन ते पाच वर्षं लागतात. स्वीडनमध्ये रोनेबीजवळच्या काल्लिंगे इथे हवाई तळावरच्या फोमचं पाणी लोकांच्या नळाला आलं होतं, ते डिसेंबर २०१३ मध्ये उघडकीला आलं. तिथले लोक दहा वर्षं लढले. शेवटी २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की रक्तात ही रसायनं एवढ्या प्रमाणात असणं हीच शारीरिक इजा आहे, आजार दिसेपर्यंत थांबायची गरज नाही. ऑस्ट्रेलियात ओकी, विल्यमटाउन आणि कॅथरिन या लष्करी तळांभोवतीच्या रहिवाशांना २०२० साली सरकारने २१ कोटी २५ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. ही गावं आपल्यासारखीच. विहिरीचं पाणी पिणारी, परसात भाजी लावणारी.

आता आपल्या विहिरीचं. मागच्या वर्षी वाडीतल्या लोकांनी पैसे काढून पाण्याचा नमुना तपासायला दिला. रिपोर्ट आला : पीएच ठीक, टीडीएस ठीक, नायट्रेट मर्यादेत, कोलिफॉर्म थोडे जास्त, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका. मी विचारलं, फोमचं काय? टेबलामागच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, असा रकानाच नाही. ते खोटं बोलत नव्हते. पिण्याच्या पाण्याचं आपलं आयएस १०५०० हे २०१२ सालचं मानक उघडून पाहिलं, त्यात खरंच पीएफएएस नाही. अमेरिकेने २०२४ साली पीएफओएस आणि पीएफओए यांच्यासाठी लिटरला ४ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) ही मर्यादा ठरवली. हा आकडा मला आधी कळेना, म्हणून मी आमच्या विहिरीवरून हिशोब मांडला. पाच मीटर रुंद विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते साधारण ७८ हजार लिटर होतं. त्या मर्यादेपर्यंत पाणी नेऊन ठेवायला एक ग्रॅम पीएफओएस २५ कोटी लिटरला पुरतं, म्हणजे अशा तीन हजारांवर विहिरींना. आणि आम्ही ड्रमच्या ड्रम ओतले.

कोकणात हे जास्त झोंबतं, ते जांभ्यामुळे. जांभा भोकाभोकांचा दगड. मृगापासून पडलेला पाऊस त्याच्या आत उतरतो, खाली चिकणमातीचा थर लागला की आडवा वळतो आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर येतो. आमच्या वाड्या त्या झऱ्यांसाठीच तिथे वसल्या. सड्यावर ओतलेलं काहीही चाळणीतून उतरल्यासारखं झऱ्यात येणार, पुढे खाडीत, तिथून कालवांत आणि बोयटांत. दाभोळ खाडीतल्या मेलेल्या माशांबद्दल भोई आणि दालदी मच्छीमार किती वर्षं अर्ज करत आहेत, हे तुमच्या फायलींत आहेच. पीएफएएसने मासा असा उलटा पडून तरंगत नाही. तो जिवंत राहतो, बाजारात येतो आणि ताटात जातो. त्यामुळे याचा अर्ज कोणी करणार नाही.

जांभ्याचीच आणखी एक गोष्ट आहे, ती मला रात्री झोपू देत नाही. ड्रिलच्या जागा उद्या विकल्या जातील आणि तिथे चिरेखाण लागेल. फोम प्यायलेले ते चिरे गावोगाव घरांच्या पायात जातील आणि खाणीची माती कलमांच्या खड्ड्यांत. एका जागेचं दुखणं मग तालुक्याचं होईल आणि मागही काढता येणार नाही. ज्या ज्या सड्यांवर फोमची ड्रिलं झाली, तिथे चिरेखाणीला परवानगी देऊ नका. यासाठी कुठलं यंत्र लागत नाही, एक आदेश पुरतो, आणि तो जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात आहे.

मुख्य मागणी ड्रमांची आहे. कोकणातल्या किती केंद्रांवर, जेट्ट्यांवर, कारखान्यांच्या फायर पंपहाउसमागे मुदत संपलेला फोम उभा असेल, ते तुम्ही मोजा. निळे ड्रम, पांढरे कॅन, लेबलं उन्हाने उडालेली. जो फोम अजून ड्रममध्ये आहे तो गोळा करणं सगळ्यात सोपं आहे. एकदा सांडला की पुढचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

गोळा करून काय करायचं, इथे मात्र घाई नको. तळोज्याला घातक कचऱ्याचं केंद्र आहे, तिकडे पाठवून मोकळे होऊ, असं कोणीतरी सुचवेल. पण पुरलेल्या कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर ही रसायनं पुन्हा बाहेर येतात. जाळायचं म्हटलं तर साध्या भट्टीचं काम नाही. उष्णता अकराशे अंशांच्या आसपास आणि पुरेसा वेळ लागतो. नाहीतर साखळीचे लहान तुकडे होऊन धुराड्यातून निघतात आणि आजूबाजूच्या शेतांवर बसतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कोहोज गावाच्या भट्टीत २०१८-१९ मध्ये हा फोम जाळला गेला. लोक उठले, २०२० साली तिथे तो जाळण्यावर बंदी आली आणि २०२२ साली अमेरिकी संरक्षण खात्यालाच जाळणं थांबवावं लागलं. आमच्या वसाहतीतल्या बॉयलरमध्ये किंवा सिमेंटच्या भट्टीत चाचणी न करता हे ढकलू नका, ही हात जोडून विनंती.

फिल्टरची गोष्टही तशीच. सक्रिय कोळसा आणि आयन बदलणारी रेझिनं पाण्यातून पीएफएएस पकडतात, वाडीच्या विहिरीवर ती बसवायलाच हवीत. पण पकडलेलं पीएफएएस त्या कोळशात तसंच असतं. तो कोळसा कोणाच्या दारात जाणार, हे आधी ठरवा, मग टेंडर काढा.

खरा नाश करणाऱ्या पद्धती आता आहेत. पुतण्याने समजावलेल्या दोन मला पटल्या. पाणी ३७४ अंशांच्या आणि २२१ बार दाबाच्या वर नेलं की ते धड द्रवही राहत नाही आणि धड वाफही नाही. त्यात ऑक्सिजन सोडला की सेंद्रिय पदार्थ काही सेकंदांत पेटतात, पाण्यातच. साखळीतल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि फ्लोरिन सुटा होतो. त्याला चुन्याने बांधलं की कॅल्शियम फ्लोराइड मिळतं, म्हणजे खाणीत सापडतं तेच खनिज. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तीन वेगवेगळ्या यंत्रांवर जुना एएफएफएफ पातळ करून घातला होता, ज्या पीएफएएसची मोजणी केली ती ९९ टक्क्यांहून जास्त नष्ट झाली. दुसऱ्या पद्धतीत साधारण ३५० अंशांवर, दाबाखाली, कॉस्टिक सोडा वापरतात. अलास्कातल्या फेअरबँक्स विमानतळावर ती वापरून झाली आहे. आमच्या वसाहतीत कॉस्टिकचे टँकर रोज येतात, उच्च दाबाच्या रिॲक्टरवर पाळी करणारे ऑपरेटर घरोघरी आहेत. हे काम कोकणातल्या माणसाला परकं नाही. अडचणीही सांगतो : यंत्राचा धातू गंजतो, क्षार साचून नळ्या तुंबतात, वीज भरपूर लागते. म्हणून पातळ पाणी त्यात घालत बसणं परवडत नाही. ड्रममधला घट्ट माल मात्र त्याला अगदी योग्य.

पातळ पाण्यासाठी आधी घुसळण. ही पद्धत ऐकली तेव्हा मला आजीची रवी आठवली. दूषित पाण्याच्या उंच नळकांड्यात खालून हवेचे बुडबुडे सोडतात. पीएफएएसला बुडबुड्याच्या कडेला चिकटायची खोडच आहे, त्यासाठीच तर ते फोममध्ये घातलं. ते लोण्यासारखं वर येतं आणि वरचा फेस काढून घेतला की लाखो लिटरचा प्रश्न काही लिटरवर येतो. ऑस्ट्रेलियात ओकीच्या तळावर हे केलं गेलं. छोट्या साखळीची रसायनं त्यात नीट वर येत नाहीत, त्यांना रेझिन लागतं. विजेच्या इलेक्ट्रोडने तोडायचीही एक पद्धत आहे, पण पाण्यात मीठ असेल तर परक्लोरेट नावाचं दुसरं विष तयार होऊ शकतं. खाडीकाठच्या मचूळ विहिरींवर ती नको. विकायला येणारे हे सांगतीलच असं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

असं एक यंत्र महाराष्ट्रात बसवा. प्रत्येक जिल्ह्यात नको, ट्रेलरवर बसणारं एकच बसवा, जे उरणपासून वेंगुर्ल्यापर्यंत फिरेल. नागपूरची नीरी, पुण्याची एनसीएल, माटुंग्याची आयसीटी या संशोधन संस्थांना एकत्र बसवून चाचणी करून घ्या. नष्ट झालं हे ठरवताना नुसतं पीएफओएस गेलं एवढं पाहू नका. आत गेलेल्या फ्लोरिनचा आणि बाहेर आलेल्या फ्लोराइडचा हिशोब जुळवून घ्या, म्हणजे लहान तुकडे लपणार नाहीत. आणि हा हिशोब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

खर्चाचा प्रश्न येईल. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने आणि स्थानिक संस्थांनी द्यायची, मंडळाने तपासायची आणि ज्याने घाण केली त्याने खर्च द्यायचा. त्या यादीत ड्रिलच्या जागा घाला. घाण करणारी सरकारी केंद्रं असतील तर सरकारने द्यावेत. मच्छीमाराने आणि वाडीने यातला एक रुपयाही भरू नये.

तपासणीची सोय जिल्ह्यात किंवा निदान मुंबईत कायमची हवी, आणि ती फक्त फोमसाठी नको. इटलीतल्या त्रिस्सिनो इथल्या, पीएफएएस बनवणाऱ्या मितेनी कारखान्याने भूजल बिघडवलं, लाखो लोकांच्या पाण्यापर्यंत ते पोचलं, २०१८ साली कंपनी दिवाळखोर झाली आणि २०२५ साली व्हिचेंझाच्या न्यायालयाने तिच्या आणि तिच्या मालक कंपन्यांच्या मिळून ११ अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावल्या. त्याच कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेऊन आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला आणली गेली, हे सगळ्यांनी वाचलं आहे. इथल्या कारखान्यावर मी काही ठपका ठेवत नाही. पण ज्या जिल्ह्यात ही यंत्रं आली, त्या जिल्ह्यातलं पाणी मोजता यायला नको का?

माझ्या सहकाऱ्यांना, म्हणजे आज ड्युटीवर असलेल्यांना दोन शब्द. आग लागली तर हाताशी जो फोम आहे तो मारा, माणसं आधी. पण शनिवारच्या ड्रिलला उद्यापासून फ्लोरिन नसलेला ट्रेनिंग फोम वापरा, किंवा नुसतं पाणी. मोठमोठे विमानतळ फ्लोरिनमुक्त फोमवर गेले आहेत, त्याने आगी विझतात. फोम टेंडरची, म्हणजे फोमच्या बंबाची, टाकी बदलताना नीट धुवा, नाहीतर जुन्याचा अंश नव्यात उतरतो. आणि ते धुवण गटारात सोडू नका, तेही ड्रममध्येच भरा. मुलांना फेसात पाठवू नका. आणि साहेब लोकांनो, निवृत्त आणि चालू, सगळ्या जवानांच्या रक्ताची एकदा तपासणी करा. २०२२ साली आपला पेशाच कर्करोगाच्या पहिल्या गटात टाकला गेला आहे. माझ्या बॅचचे किती जण आता नाहीत, ते मी मोजणं सोडून दिलं आहे.

मी माझ्या हाताने नकाशा काढून ठेवला आहे. ट्रे कुठे असायचा, ड्रम कुठे रिकामे करून पालथे घालायचो, २००३ सालच्या पावसात दोन ड्रम कुठे फुटले, पाणी कुठल्या फटीतून उतरायचं. आम्ही जुने पाच-सहा जण अजून आहोत, तेही सांगतील. तुमच्या माणसांना पाठवा, शक्यतो मे महिन्यात, विहीर तळाला गेलेली असते तेव्हा. नमुन्याची बाटली साधी पॉलिप्रॉपिलीनची आणा, झाकणाला आतून टेफ्लॉन नको. पावसात आलात तर नमुना घेणाऱ्याने रेनकोट काढून ठेवावा, त्यातही कधी कधी हीच रसायनं असतात. छत्री मी धरतो.

आपला नम्र,
एक निवृत्त लीडिंग फायरमन
रत्नागिरी जिल्हा